वाडीचा रस्ता आणि माझी सही

महिना होत आला. मंचरच्या घरी कांदे निवडत होते तेव्हा पुतण्याचा फोन आला, "आत्या, आबा गेलं." त्याचे आबा म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. तशीच गाडीत बसले आणि दीड तासात डोंगरातल्या आमच्या वाडीवर दारात उतरले. इतक्या लवकर पोचले याचाच मला राग आला.

पूर्वी एस.टी. पायथ्याला सोडायची. वर दोन तासांची चढण. दर पंचमीला दादा मुराळी म्हणून मला माहेरी न्यायला यायचा. पिशवी डोक्यावर, माझी लेक खांद्यावर. मी मध्येच टेकले की म्हणायचा, "मंचरला बसून बसून लई जड झालीस."

मग सरकारी रस्ता मंजूर व्हायची वेळ आली. तो आमच्या शेतातून जाणार होता आणि वडिलांमागं सातबारावर माझंही नाव लागलेलं. संमतीच्या कागदावर दोघांची सही हवी होती. त्या पंचमीला दादा आला तो कागद घेऊनच. चहा उकळायच्या आत त्यानं घडी उलगडली आणि माझं डोकं फिरलं.

"मुराळी म्हणून आलास का सही न्यायला?"

"दोन्हीला आलोय, बाई. सायेब उद्याच कागद नेनार हाय."

मी तोंड फिरवून बसले. सही केली नाही, माहेरीही गेले नाही. येईल परत, काढील समजूत, असं वाटलं. माहेरवाशिणीचा रुसवा तो, चार दिवसांचा! पण साहेब चार दिवस थांबला नाही. त्या वर्षीच्या यादीतून वाडी गळली. भाऊबीजेला मी मुकाट्यानं सही दिली, तोवर उशीर झाला होता.

पुढच्या पावसाळ्यात आईच्या छातीत कळ आली. झोळीत घालून चौघांनी तिला खाली आणली, तर ओढा भरून वाहत होता. पाणी ओसरायच्या आधी ती दादाच्या मांडीवर गेली. यादीतल्या शेजारच्या वाडीला तोवर रस्ता झाला होता, ओढ्यावर मोरीसुद्धा.

दादा मला एका शब्दानं बोलला नाही. पुढं आमचा रस्ता झाला, त्यावर खडी पसरायला तो स्वतः राबला. एस.टी. वाडीत यायला लागली तरी पंचमीला न्यायला यायचाच. "येते की मी एकटी," म्हटलं तर म्हणायचा, "न्यायला यायचं असतं गं." दर वेळी गाडीत त्याच्या शेजारी बसून मी ठरवायची, आज बोलायचं... आईचं, सहीचं. वाडी यायची आणि राहून जायचं.

दहाव्याला सगळे समाजमंदिरात बसले होते. शेजारचे तात्या मला म्हणाले, "मानूस भला व्हता, पर जमिनीचा लोभ नडला. सही अडवली आन आई घालवून बसला."

मला काही कळेना. तशीच घरी येऊन वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "त्यांनीच सांगितलं समद्यास्नी, की सही मीच अडवली. मला म्हनले, आपल्याला काय, आपुन हितंच ऱ्हानार. तिला म्हायेरी तोंड दाखवाया नको का?"

आणि लोकांनी ते मानलं होतं. समाजमंदिरात बैठक असली की दादाला कुणी आत ये म्हणायचं नाही, तो बाहेर चपलांजवळच्या पायरीवर बसायचा. हेही वहिनीनंच सांगितलं. इतक्या पंचम्या मी त्या वाडीत पुरणपोळी खाऊन आले, मला काही दिसलं नाही. आंधळी होते का मी?

मी परत समाजमंदिरात गेले आणि त्या पायरीवर बसले. आतून कुणीतरी म्हणालं, "ताई, आत या." मी तिथूनच सांगितलं. सही दादानं नाही, मी अडवली होती. रुसून.

तात्या काठी टेकत बाहेर आले.

"मग आदी का न्हाई बोललीस, पोरी? सात वरसं त्यो हितं बसला व्हता."