नाथाकाकाची हाक

दिवा गावच्या खाडीकाठी आमच्या नाथाकाकाएवढा संशयी माणूस दुसरा झाला नाही. कुणी रामराम घातला तरी ह्याच्या पोटात काय असेल, या विचारानं त्याचा दिवस नासायचा.

१८८४ साली भात पोटरीला आलं असताना त्याला आपल्या बांधात भोक दिसलं. खेकड्यांचंच होतं ते. पण शेजारचा काळुराम माशांसाठी खारं पाणी आत घेतो, हे त्याच्या डोक्यात बसलं. भर चावडीवर तो म्हणाला, "मी हाक मारल्याबिगर काळुरामाचा पाय माज्या बांधावर दिसला, तं बांध त्यानंच फोडला समजा."

काळुरामानं ते ऐकलं आणि तो आपल्या शेताकडं चालता झाला.

त्याच आठवड्यात कल्याणहून गोपीनाथ मास्तर आला. हा ख्रिस्ती झालेला. पिंपळाखाली बसून त्यानं आपल्या धर्मपुस्तकातली गोष्ट सांगितली. दोघे भाऊ लढाईत सापडतात, पुढं एक शत्रू, मागं दुसरा. थोरला धाकट्याला सांगतो, मला आवरेना झालं तर तू ये, तुला आवरेना झालं तर मी येईन. लोक ऐकत होते. काका मात्र मास्तरच्या तांब्यावर नजर ठेवून होता, त्यात बाटवायचं पाणी असणार म्हणून. शिवाय ही गोष्ट काळुरामानंच पढवली, हेही त्यानं ठरवून टाकलं.

अमावास्येच्या उधाणाला भर दुपारी काकाचा बांध फुटून खांड पडली. खारं पाणी शेतात शिरलं की भात तर जातंच, पुढची दोन-तीन वर्षं जमीनही हाती लागत नाही. काका खांडीत आडवा पडला. त्याची बायको हौसाबाई चिखल टाकत होती आणि पाणी तो वाहून नेत होतं. काळुराम हद्दीवर उभा होता.

"बग, मजा बगतंय," काका म्हणाला.

"तुमीच बंदी केलीव त्याला," हौसाबाई कडाडली. "मारा आता हाक."

पाणी गळ्याशी आलं तेव्हा काकानं हाक मारली. काळुराम आणि त्याच्या घरची माणसं डोक्यावर चिखलाच्या पाट्या घेऊन धावली. खांड बुजली, पण तोवर निम्मं भात गेलं होतं.

धापा टाकत काकानं काय विचारावं? "खांड आत्ता पडली. तुज्या पाट्या आदीच कशा भरल्या?"

"सकालधरनं भरल्यान. उधान मोठं, तुजा बांध कच्चा. हाकेची वाट बगत होतो," काळुराम म्हणाला. मग सहज पुढं बोलला, "माजा फुटला असता तं तू आला असतास ना."

काका चिखलात बसून रडला. आपण गेलो असतो की नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं.