वाइनमधलं रॉकेल

माझ्या नाकावर घरात सगळ्यांचा भरवसा होता. निदान मला तसं वाटायचं. चाकणच्या कंपनीत पेंट शॉपला मी बावीस वर्षं काढली. रंगात थिनर जास्त पडलं की मला दारातूनच कळायचं, आणि पोरं म्हणायची, भाऊ, मीटर राहू द्या, तुमचं नाक बास आहे. निवृत्त झाल्यावर हेच नाक मी घरी आणलं. बायको आमटीचा चमचा माझ्यापुढे धरायची आणि विचारायची, "हिंग जास्त झाला का हो?" मी डोळे मिटून वास घ्यायचो आणि बेताचा आहे म्हणून सांगायचो.

खरं तर मला हिंगाचा वास येत नव्हता. कशाचाच येत नव्हता. नोकरीच्या शेवटी शेवटी कधीतरी तो गेला; नेमका कधी, ते मलाही सांगता येणार नाही. आधी मी सर्दीवर ढकललं, मग रस्त्याच्या धुळीवर. डॉक्टरकडे मात्र गेलो नाही. लपवणं काही अवघड नव्हतं. वास आला की माणसांच्या तोंडावर दिसतं, त्यांचं बघून आपणही तसंच तोंड करायचं. दोन वर्षं मी घरच्यांना असं गुंडाळत होतो आणि त्याची मला थोडी मिजासही होती.

मुलगी ताथवड्याला एका ऑफिसात नोकरी करते. तिथे वाइन चाखायचा कार्यक्रम झाला आणि तिच्या डोक्यात ते खूळ शिरलं. एका रविवारी दुपारी ती बाटली घेऊन आली. नाशिककडची पांढरी वाइन, रीसलिंग नावाची. फार महाग नाही, हे तिने आईला दारातच सांगून टाकलं. ऑफ-ड्राय आहे म्हणाली, म्हणजे किंचित गोड, आपल्या तिखट रश्श्याबरोबर छान लागते. मी कंपनीच्या पार्ट्यांत थोडीफार घेतलेली, पण बायकोने कधी थेंबही घेतला नव्हता. तरी लेकीच्या हौसेखातर तीसुद्धा बसली. सरबताचे काचेचे ग्लास निघाले.

मी ग्लास तोंडाला लावणार, तेवढ्यात मुलीने हात धरला. लगेच प्यायची नाही म्हणे, आधी ग्लास गोल फिरवून वास घ्यायचा. नेहमीप्रमाणे मी त्यांच्या तोंडांकडे बघत राहिलो.

बायकोने ग्लासात नाक घातलं आणि मागे सरकून हसली. "अगं, याला रॉकेलचा वास येतोय."

मला वाटलं, लेकीची चेष्टा करते आहे. वाइनला कधी रॉकेलचा वास येतो का? मी नाक खुपसलं, डोळे मिटले आणि ठणकावून सांगितलं, "काहीतरीच काय. चांगला द्राक्षाचा वास आहे. मोगऱ्याचाही आहे थोडा."

मुलगी हळूच म्हणाली की आईचं बरोबर आहे. काही रीसलिंगना रॉकेलसारखा वास येतो, ती त्यांची ओळखच आहे, असं त्या कार्यक्रमातल्या माणसाने सांगितलं होतं. मग त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्या बघण्यात नवल नव्हतं. माझी चोरी आत्ता सापडली असती, तर त्यांना नवल वाटलं असतं.

आणि वास कसला, तर रॉकेलचा. लग्नानंतर कासारवाडीला रुळांजवळच्या एका खोलीत आम्ही चार वर्षं स्टोव्हवर स्वयंपाक केला. हिच्या बोटांचा रॉकेलचा वास साबणाने जायचा नाही. जगातला कुठलाही वास मला चुकला असता तरी चाललं असतं, हा चुकायला नको होता.

मी विचारलं, "कधीपासून माहीत आहे?"

"गॅस बदलला तेव्हापासून," बायको म्हणाली. "दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. घरभर गॅस झाला होता आणि तुम्ही ओट्याशेजारी पेपर वाचत बसला होता."

तो दिवस मला आठवत होता. मुलीने बाहेरून येऊन धडाधड खिडक्या उघडल्या होत्या आणि किती उकडतंय म्हणाली होती. आठवड्याभरात शेगडी आणि सिलिंडर पिंपळे गुरवला मेव्हणीकडे गेले आणि आमच्या ओट्यावर इंडक्शन आलं. सोयीचं असतं, असं मला सांगण्यात आलं. तेव्हापासून भाकरी जाळावर फुगली नाही आणि तेव्हापासून मी तिला भाकरीवरून बोलत आलो. आळशी झालीस म्हणालो. ते तिने निमूट ऐकून घेतलं.

म्हणजे मेव्हणीला माहीत होतं. साडूलाही. गेल्या उन्हाळ्यात त्याने माझ्या हातात आंबा दिला होता आणि वास घेऊन सांगा म्हणाला होता. मी हापूस म्हणालो. सगळ्यांनी वा वा केलं. आता कळतं, तो हापूस नसणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सगळ्यांना फसवतोय म्हणून खुशीत होतो, आणि हे सगळे मला मध्ये बसवून दोन वर्षं नाटक करत होते. पोटच्या पोरीनेसुद्धा मला अंधारात ठेवलं.

"मग हिंगाचं कशाला विचारायचीस मला?" माझा आवाज चढला होता.

बायकोने ग्लास बाजूला सारला. मग म्हणाली, "विचारलं की तुम्ही ताठ बसायचात. तेवढ्यासाठी."

मी ग्लास एका दमात रिकामा केला. जिभेला आधी गोड लागलं, मग आंबट. बाकी काही नाही. मुलीने बाटलीला बूच लावलं आणि ती फ्रिजमध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमटीला फोडणी बसल्याचा आवाज आला, तसा सवयीने मी ओट्याशी जाऊन उभा राहिलो. तिने आमटी ढवळली, चमचा स्वतःच्याच नाकाजवळ नेला आणि झाकण ठेवलं. मला विचारलं नाही.