मोहिनीचे मोडलेले आठवडे

मोहिनी भेटली की मला पंचवटीतली आमची कॉलेजची वर्षं आठवतात. आम्ही दोघींनी सोळा सोमवार धरले होते. बाराव्या सोमवारी ही बाई गप्पांच्या नादात घाटावर भेळ खाऊन बसली. व्रत मोडलं म्हणून ढसाढसा रडली आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं. माझं उद्यापन कार्तिकात झालं, तिचं महाशिवरात्रीच्या सुमारास. किती हसले होते मी तिला. ती हसायची तर गल्लीला ऐकू जायचं, रडायची तेही तसंच.

पुढे तेच अंगाशी आलं. नवरा गेल्यावर ब्लाउज शिवून तिने लेकीला, वेदिकाला वाढवलं, पण एका शब्दावरून भडका उडायचा. आधी भांडी फेकणं, मग रडणं, मग स्वतःलाच इजा करून घेणं. शांत झाली की देवासमोर लेकीचा हात धरून म्हणायची, "पुन्हा नाही चिडणार." दोन वर्षांपूर्वी, एकोणिसाव्या वर्षी, वेदिका बॅग घेऊन माझ्याकडे राहायला आली.

"मावशी, आईच्या शपथा आता ऐकवत नाहीत," एवढंच म्हणाली.

लेक गेली या धसक्याने मोहिनी डॉक्टरांकडे गेली. त्यांनी गंगापूर रोडच्या समुपदेशक आरोही मॅडमकडे पाठवलं, डायलेक्टिकल बिहेविअर थेरपीसाठी. नाव ऐकूनच मला धडकी भरली. सोबत मीच गेले होते.

"चिडल्यावर शांत व्हायला किती वेळ लागतो?" मॅडमनी विचारलं.

"दोन दिवस," मोहिनी म्हणाली. "हिला विचारा, तीन सांगेल."

ज्यांच्या भावना अशा झपाट्याने चढतात, उतरायला वेळ घेतात आणि त्या भरात स्वतःला किंवा नात्याला इजा होते, त्यांना ही पद्धत बरेचदा उपयोगी पडते, असं मॅडमनी सांगितलं. सगळ्यांना तिची गरज नसते, आणि कुणी ढकलून आणलं असेल तर फारसं हाती लागत नाही. आठवड्यातून एकदा मॅडमशी एकटीने बोलायचं, एकदा गटात बसून शिकायचं. राग चढला की काय करायचं, न दुखावता नाही कसं म्हणायचं, असलं काही. वर्षभर तरी. शिवाय आठवड्याचं एक कार्ड रोज भरायचं: आज राग किती, स्वतःला दुखवावंसं वाटलं का, मग काय केलं.

महिना झाला तरी तिचं कार्ड दोन-तीन दिवसांपुढे जाईना. मॅडमना सांगायची, राहून गेलं. एकदा सुई शोधायला मी तिच्या मशीनचा ड्रॉवर उघडला तर आत फाडलेल्या कार्डांचा गठ्ठा. चिडली की कार्ड फाडायचं आणि नव्यावर पहिला दिवस लिहायचा. मी कपाळाला हात लावला.

"अगं, हे काय सोमवार आहेत?"

"मोडलं ना पण," ती म्हणाली.

गठ्ठ्यासकट तिला मॅडमकडे नेलं. त्या रागावल्या नाहीत.

"मोहिनीताई, मला कार्डावर हे चिडल्याचेच दिवस बघायचे होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही आज जशा आहात तशा मान्य आहात. आणि बदलायचंही आहे. दोन्ही एकदमच."

रिक्षात बसल्यावर मोहिनी म्हणाली, "पल्लवी, मोडलेलं ठेवायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं गं."

मला माझ्या त्या जुन्या हसण्याची लाज वाटली.

आठ महिन्यांनी, संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात, ती माझ्या दारात उभी राहिली. वेदिका मेथी निवडत होती. आता पुन्हा शपथा सुरू होणार म्हणून मीच धास्तावले.

"वेदू, चिडणार नाही असं सांगायला आले नाहीये," मोहिनी म्हणाली. "चिडेन. परवा गुरुवारीच चिडले होते. पण आता काही फेकायच्या आत बाहेर जाते, तोंडावर गार पाणी मारते आणि परत येते. अजून एवढंच जमतंय. येतेस का?"

वेदिकाने हातातली मेथीची काडी खाली ठेवली.

"हे खरं बोललीस," ती म्हणाली, आणि बॅग भरायला आत गेली.