बदली पाळक

नाशिकरोडला गाडी वेळेवर आली, इथूनच माझे अंदाज चुकायला लागले. तासभर उशीर होईल असे धरून मी चहा मागवला होता, तो तसाच टाकून डब्यात चढावे लागले. पर्समध्ये एक फॉर्म होता, बावीस प्रश्नांचा, आणि तीन दिवसांत तो भरून परत यायचे होते.

आमच्या लुथरन चर्चच्या मंडळ्यांची एक लहानशी समिती आहे, नाव मात्र भारदस्त : सेवक कल्याण समिती. पाळक (चर्चचे धर्मगुरू), प्रचारक, बायबलबाया (घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणाऱ्या सेविका) ही माणसे जन्मभर दुसऱ्यांच्या आजारपणाला आणि मयताला धावतात. त्यांचे स्वतःचे कसे चालले आहे, हे कुणी विचारत नाही. ते विचारायचे काम समितीने माझ्याकडे दिले. मी तीस वर्षे शाळा तपासल्या आणि निवृत्त झाल्यावरही काहीतरी तपासल्याशिवाय मला करमत नाही, हे त्या लोकांनी बरोबर हेरले असावे.

विचारून झाल्यावर देण्यासारखी एकच गोष्ट आमच्याकडे होती. थकलेल्या पाळकाला दीड महिन्याची विश्रांती, आणि तेवढे दिवस त्याच्या जागी उभा राहणारा दुसरा पाळक. नाशिकचे एक निवृत्त पाळक पिशवी भरून तयार बसले होते. तसे पत्र मीच मुकुंदवाडीच्या मंडळीला लिहिले होते : 'आपल्या पाळकांच्या प्रकृतीची विचारपूस करण्यासाठी आमच्या प्रतिनिधी येत आहेत. आवश्यकता वाटल्यास बदली पाळकाची व्यवस्था त्वरित करण्यात येईल.' शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी ते दोनदा वाचून पाहिले होते आणि मला ते आवडले होते.

मनमाड गेल्यावर जमीन काळी होत गेली. वेचणी झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या, मधूनच हरभऱ्याचा हिरवा तुकडा. लासूर स्टेशनला एक बाई हरभऱ्याच्या टहाळाची (घाटे लागलेल्या ओल्या डहाळ्यांची) पेंढी घेऊन चढली आणि माझ्याशेजारी बसली. बसल्या बसल्या तिने मूठभर डहाळ्या माझ्या मांडीवर ठेवल्या.

"कुणाकडं चाललाव?"

"मुकुंदवाडीला. आमच्या पाळकांकडे."

"काय पाळतेत ते? कोंबड्या?"

"माणसं," मी म्हटले.

तिने क्षणभर विचार केला. "लई अवघड," ती म्हणाली आणि घाटे सोलू लागली. देवगिरीचा किल्ला खिडकीतून येऊन गेला, पण तिने मान वर केली नाही. रोजचे जाणेयेणे असणार.

स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला मी सांगितले, "लुथरन चर्चला जायचंय."

"लातूर को रिक्शे में कैसा जाते अम्मा? बस ष्टँड को छोडतूं."

"लातूर नाही हो. लुथरन. मुकुंदवाडीत."

"तो मुकुंदवाडी बोलो ना. लातूर लातूर कायकू बोल रै?"

क्रांती चौकात आम्ही बराच वेळ अडकलो. तेवढ्यात त्याने मला नान-खलिया (तंदुरी रोटी आणि मटणाचा तिखट रस्सा) कुठे चांगला मिळतो ते सांगितले आणि नाशिकमध्ये बघण्यासारखे काही नाही असेही सांगितले. मुकुंदवाडीत शिरल्यावर गल्ली सापडेना. मी पाळकांना फोन लावला, पाळकीणबाईंनी उचलला. मागचे आठ दिवस त्यांच्या फोनवर त्याच बोलत होत्या. नवऱ्याच्या फोनचा ताबा बायकोकडे, हे मी मनातल्या मनात नोंदवून ठेवले. जन्माची खोड.

देऊळ (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) लहान होते, वर पत्रे, आणि भिंतींना ओल्या चुन्याचा वास. हा वास मी तीस वर्षे ओळखते. साहेब येणार म्हटले की शाळेला असाच चुना लागायचा. तरीही तो माझ्यासाठी लागला असेल हे माझ्या डोक्यात आले नाही, कारण मी तर विचारपूस करायला आले होते.

पाळक याकोब साळवे दारात उभे होते. उंच, वाळलेले, पन्नाशीचे. "सलाम, पाळकसाहेब," मी म्हटले. त्यांनी हात कपाळाला लावला, ओठ हलवले आणि हसले. पुढचे सगळे पाळकीणबाई बोलल्या. प्रवास कसा झाला, पाणी घ्या, पंख्याखाली बसा. खोलीत रूथबाई नावाची एक म्हातारी आधीच येऊन बसली होती. ती इथली जुनी बायबलबाई. वय विचारले तर म्हणाली, "पोलीस ॲक्शन झाली तवा मी पाळण्यात होते. तुम्हीच करा हिशेब."

मी फॉर्म काढला. झोप नीट लागते काय? "लागते," पाळकीणबाई म्हणाल्या. आठवड्यातून एक दिवस विश्रांती मिळते काय? "मिळते." प्रकृतीची काही तक्रार? "प्रभूच्या कृपेनं काही नाही," हे दोघी एकदम म्हणाल्या. पाळक मान डोलवत होते. शेवटचा, बाविसावा प्रश्न माझा स्वतःचा होता आणि मला त्याचा थोडा अभिमान होता : आपणांस कोणाशी मनमोकळे बोलता येते काय? पाळकांनी पाळकीणबाईंकडे पाहिले.

"देवाशी," पाळकीणबाई म्हणाल्या. मी लिहून घेतले.

जेवायला येसर आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची झणझणीत आमटी), ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. पाळकांनी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली आणि वर कोमट पाणी प्यायले. त्यांच्या गालात सारखी ज्येष्ठमधाची काडी असे. जेवण होते न होते तोच मंडळीतली माणसे एकेक करून येऊ लागली. प्रत्येकाने न विचारता पाळकांची स्तुती केली आणि जाताना माझ्या फॉर्मकडे पाहिले. इतके सुखी पाळक मी आजवर पाहिले नव्हते. शेऱ्याच्या रकान्यात 'समाधानकारक' लिहायचे मी जवळपास ठरवूनच टाकले आणि पाळकांच्या नावापुढे लिहिले : मितभाषी.

शनिवारी आम्ही तिघे, पाळक, रूथबाई आणि मी, पॅसेंजरने उलट लासूर स्टेशनला गेलो. तिथल्या बाजार समितीत हमाली करणारे एक कुटुंब या मंडळीतले आहे, त्यांची म्हातारी अंथरुणाला खिळली होती. पाळक खाटेजवळ खाली बसले आणि तिचा हात हातात धरून राहिले. शास्त्र रूथबाईंनी वाचले, प्रार्थनाही त्यांनीच केली. आमेन झाल्यावर म्हातारीचा मुलगा म्हणाला, "सायेब, ह्या खेपेला बी गाणं नाय का? आय लई वाट बघती. नाताळापासनं तुमचा आवाज ऐकला नाय तिनं."

रूथबाईंनी त्याच्याकडे असे पाहिले की तो चहा आणायला उठून गेला.

आता माझ्यासारखीलाही उमगणे भाग होते. परतीच्या पॅसेंजरला वेळ होता. पाळक तिकिटे काढायला गेले, तसे मी फलाटावरच्या बाकावर रूथबाईंना सरळ विचारले, "पाळकसाहेबांच्या आवाजाला काय झालंय?"

"काय नाय."

"रूथबाई, मी त्यांच्या भल्यासाठी आलेय."

"समदे भल्यासाठीच येतेत," त्या म्हणाल्या. मग बायबल उघडून त्यांनी त्यातून एक घडी घातलेला कागद काढला. माझे पत्र होते ते. एका शब्दाखाली पेन्सिलीने जाड रेघ मारली होती : बदली.

मी वाचले, पुन्हा वाचले.

हळूहळू सगळे कळले. पाळकांच्या स्वरयंत्रावर गाठी आल्या होत्या. डॉक्टरांनी बजावले होते, दीड महिना तोंडातून शब्द काढायचा नाही. नाही ऐकलेत तर आवाज कायमचा जाईल. आमच्या उपासनेत पाळक एकेक ओळ गाऊन म्हणतो आणि मंडळी उत्तर देते, म्हणजे गप्प राहणारा पाळक चालतच नाही. पाळक महिनाभर विचार करत होते, कुणाला सांगावे म्हणून. तेवढ्यात माझे पत्र आले. प्रकृती बरी नसेल तर त्वरित बदली. मंडळीने बैठक घेतली आणि ठरवले की साहेबांना काहीही झालेले नाही. तेव्हापासून ते दर रविवारी घसा खरवडून उपासना घेत होते, कुणी वर कळवू नये म्हणून.

"अहो, बदली पाळक म्हणजे त्यांच्या बदल्यात येणारा पाळक," मी म्हटले. "दीड महिन्यापुरता. मग हे पुन्हा आहेत तिथेच."

"मंग 'बदल्यात' लिवायचं ना, बाई. हितं तहसीलदार बदलीनं जातो, फौजदार बदलीनं जातो, मास्तर बदलीनं जातो. बदली म्हणलं की माणूस गेला. ह्याच्या आधीचे पाळक असेच गेले. गुडघे दुखतेत म्हणले, तर मोठ्या गावाला धाडलं त्यास्नी. दोन वर्सं आमचं देऊळ बिनपाळकाचं व्हतं. मयताला म्या उभी ऱ्हायले."

मला लाज वाटली, अगदी मनापासून. माझ्या त्या निर्दोष पत्राने एका माणसाचा घसा महिनाभर सोलून काढला होता.

पाळक तिकिटे घेऊन मागे उभे होते. त्यांनी ऐकले होते. ते माझ्याकडे वाकले आणि त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. आवाज म्हणण्यासारखे त्यात काही उरले नव्हते, नुसती खरखर होती.

"म्हणजे... परत इथंच?"

"इथंच," मी म्हटले. "आता बोलू नका."

पण उद्या रविवार होता, आणि नाशिकचे पाळक मंगळवारच्या आत पोचणार नव्हते. गाडीत पाळकांनी तिकिटाच्या मागे लिहून मला दाखवले : 'उद्याची एकच घेतो.' मी नकारार्थी मान हलवली. रूथबाईंनीही हलवली. पाळक तिकीट खिशात ठेवून खिडकीबाहेर पाहत बसले. एका उपासनेने आवाज जाईल की राहील, हे डॉक्टरांनाही सांगता आले नसते.

सकाळी देऊळ भरले होते. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे, मी बायकांत रूथबाईंच्या शेजारी. पाळक पांढरा झगा घालून वेदीपुढे आले. पहिले गीत संपले, पेटी थांबली. आता त्यांनी म्हणायचे होते, 'प्रभू तुम्हांबरोबर असो.' त्यांनी श्वास घेतला, तोंड उघडले. पुढच्या बाकावर पाळकीणबाई होत्या, त्यांनी डोळे मिटून घेतले. मी बाकाची कड घट्ट धरली होती.

पाळकांनी तोंड मिटले. नुसते दोन्ही हात पसरले आणि तसेच उभे राहिले.

कुणाला काय करावे कळेना. माणसे एकमेकांकडे पाहू लागली. मग शेजारून रूथबाईंचा चिरका आवाज आला, "आणि तुझ्या आत्म्याबरोबर."

दोनचार बायकांनी तेच म्हटले, मग पुरुषांनी, आणि मग सगळ्या देवळाने मिळून, पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने. मी ही ओळ लहानपणापासून दर रविवारी म्हणत आले आहे. ती पाळकासाठी आहे, आठवड्यातून एकदा सगळी मंडळी मिळून त्या एका माणसाचे बरे चिंतते, हे मला साठी उलटल्यावर मुकुंदवाडीत कळले. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

प्रवचनाच्या वेळी पाळक खाली आले. हातात वही होती, त्यांच्या अक्षरातली. ती त्यांनी माझ्यापुढे धरली. मी आयुष्यात अहवाल सोडून काही जाहीर वाचलेले नाही. पण उठले, चष्मा लावला आणि पुढे गेले.

मागून रूथबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "आली बाबा एकदाची बदली."

देऊळ हसले. पाळकही हसले, आवाज न करता, खांदे हलवत. वाचताना मी दोन ठिकाणी अडखळले आणि एक ओळ गाळली. कुणी तक्रार केली नाही.

दुपारी स्टेशनवर नवराबायको दोघे पोचवायला आले. पाळकीणबाईंनी भाकरी-चटणीचा डबा दिला. नवे पत्र मी गाडीत बसल्या बसल्याच लिहायला घेतले : 'तुमचे पाळक तुमचेच राहतील. दीड महिना ते बोलणार नाहीत. नाशिकचे पाळक पाहुणे म्हणून येत आहेत, ते नंतर परत जातील.' पत्र सरकारी वाटत नव्हते. तसेच राहू दिले.

मग फॉर्म काढला. तीस वर्षांत मी किती ओल्या भिंतींकडे पाहून 'समाधानकारक' लिहिले असेल आणि त्या भिंतींमागे कुणाकुणाचा घसा बसलेला असेल, हे आता मोजता येणार नाही. त्या शेऱ्याचा रकाना मी कोरा ठेवला. झोप, विश्रांती, प्रकृती, सगळी उत्तरे खोडून खरी लिहिली आणि बाविसाव्या प्रश्नाशी आले. आपणांस कोणाशी मनमोकळे बोलता येते काय? माझ्या अक्षरातल्या 'देवाशी'च्या खाली पेन्सिलीने, प्रवचनाच्या वहीतल्याच अक्षरात, काहीतरी लिहिलेले होते. सकाळी फॉर्म देवळातल्या बाकावर राहिला होता, तेव्हा लिहिले असावे.

लासूर स्टेशन जात होते. मी कागद खिडकीच्या उजेडात धरला.

'बोलता येत नाही. पण होय.'