अण्णांना विचारून

आमच्या शेजारच्या काकी गाडी चालवताना अण्णांना विचारल्याशिवाय चढावर गिअर बदलत नसत, आणि अण्णांना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, तर दिसत नव्हतं. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. तळेगावच्या कारखान्यातून निवृत्त होताना त्यांनी एक वापरलेली छोटी गाडी घेतली होती. डोळे गेल्यावर तिचं स्टिअरिंग काकींनी हातात घेतलं, तेही पन्नाशी उलटल्यावर. आमचं कान्हे गाव आधी हसलं, मग लिफ्ट मागू लागलं.

गाडी म्हणजे नुसता वैताग. पावसात सुरू व्हायची नाही, उन्हात तापायची. मागचं दार आतून उघडतच नसे. मला कामशेतच्या शाळेपाशी सोडताना आधी काकी उतरायच्या, बाहेरून दार उघडायच्या, मग मी उतरायचे. "ही बया मला रस्त्यातच म्हातारी करनार," असं म्हणत त्या दार दाणकन लावायच्या.

पण कुठं जरा खट्ट वाजलं की त्यांचा एकच प्रश्न, "अवो, आता काय झालं हिला?" अण्णा हात वर करून सगळ्यांना गप्प करायचे, मान तिरकी करून ऐकायचे. "पट्टा वरडतोय. दमानं घे." घरी ताटात भाजी कुठं वाढलीय हेही ज्यांना सांगावं लागे, ते अण्णा त्या गाडीत बसले की पुन्हा कारखान्यातले साहेब व्हायचे. आवाजात जरब यायची.

एकदा अण्णा तापानं घरी होते, म्हणून काकी आणि मी दोघीच औषधं आणायला लोणावळ्याला गेलो. भुशी धरणाची गर्दी चुकवून परत निघालो आणि गाडी बंद पडली. मेकॅनिकला बोलवावं म्हणून मी फोन काढला. तोवर काकींनी पदर खोचला, बॉनेट उघडलं, बॅटरीची वायर पान्यानं आवळली आणि गाडी सुरू केली. मी बघतच राहिले.

"काकी, तुम्हाला येतं हे सगळं?"

"लय दिसांपास्नं," हात पुसत त्या म्हणाल्या. "घरी बोलू नगंस हां, पोरी."

घरी पोचल्यावर औषध देता देता त्यांनी अण्णांना विचारलं, "अवो, वाटंत बंद पडली हुती. नुसती कटकट वाजायची. काय झालं आसंल?" अण्णा अंथरुणात उठून बसले आणि वायर कशी सैल होते ते सविस्तर सांगू लागले. काकी "व्हय, व्हय" करत ऐकत होत्या. मला तिथं थांबवेना.

पुढं पुण्यातल्या मुलानं नवी कोरी गाडी दारात आणून उभी केली. अण्णांना बसवून एक फेरीही झाली. आत कसला म्हणजे कसलाच आवाज नव्हता. अण्णा मांडीवर हात ठेवून बसून राहिले. "चांगली हाय," एवढंच म्हणाले. त्याच संध्याकाळी काकींनी किल्ली मुलाच्या हातात परत दिली.

"आई, त्या डबड्यात एखाद्या दिवशी दोघांचा जीव जाईल," मुलगा चिडला.

"मला तीच जमती," काकी म्हणाल्या. तो काही महिने बोलला नाही. भाऊबंदांनी म्हातारीला हेकट ठरवलं. काकी खुशाल हेकट झाल्या. खरं कारण मला ठाऊक होतं, पण मी शब्द दिलेला.

गेल्या थंडीत अण्णा झोपेतच गेले. आता काकी ती गाडी जिवापाड जपणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. तेरावं झालं आणि त्यांनी भंगारवाल्याला बोलावलं. तो गाडी टेम्पोला बांधून ओढत नेत होता, तेव्हा काकी ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. रडवेला झाला तो मुलगाच.

"आई, अण्णांची आठवण होती गं ती. ठेवायची तरी."

"आरं, मला कवा आवडली ती?" काकी म्हणाल्या. "शेजारी ते बसायचं, म्हनून चालवली."

मग सूप बाजूला सारून, अण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच, त्या मोठ्यानं रडल्या.