त्याचे राखीव पत्ते

सुपेल्यातल्या खेळण्यांच्या दुकानात राक्षस-जादूगारांच्या पत्त्यांचा खेळ रंगतो. प्रत्येकानं आपापली गड्डी घरून रचून आणायची. तिथं एका रविवारी माझ्यासारखाच पन्नाशीतला एक अनोळखी गृहस्थ समोर बसला. प्रत्येक पत्त्याआधी तो रुमालाला बोटं पुसायचा. पहिला डाव त्यानं लीलया जिंकला आणि खिशातून पंधरा राखीव पत्ते काढले. स्पर्धेत दोन डावांच्या मध्ये असे पत्ते बदलता येतात, पण मैत्रीच्या खेळात? मी नाटकातल्या राजासारखा गरजलो, "अहो, जिंकूनही हत्यारं बदलता?"

"माझ्यासाठी नाही जी, तुमच्यासाठी हायेत," तो म्हणाला. "माझे राक्षस मारणारा एक बी पत्ता तुमच्याजवळ नाही. हे घाला."

आयुष्यात असा शत्रू पाहिला नव्हता. "पण कावून? असं का?" मी विचारलं.

"मागचे तिघं हरले, अन् पुन्हा आलेच नाही. मले खेळाले माणूस पायजे न."

त्याच्याच पत्त्यांनी मी त्याचा धुव्वा उडवला. तो खुशीत हसला. "पुढच्या रविवारी येता न जी?"

"येतो," मी निर्लज्जपणे म्हणालो, "पण हे पंधरा आणायला विसरू नका."