एकाच्या बदल्यात तीन कॅसेटी

बंगळूरच्या राजाजीनगरातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानातल्या अक्कानं मला फसवलं, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. सांगताना माझा आवाज चढायचा आणि ऐकणारेही तिला चार शब्द सुनवायचे. तिनं मला फसवलं नव्हतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा विजेच्या जुन्या मोटारींचा आणि पंपांचा धंदा करत होतो. होसकोटेच्या कारखान्यांतून बाद झालेला माल उचलायचा, दुरुस्त करायचा, विकायचा. वडिलांचं शिवणकामाचं दुकान थोरल्या भावानं स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं, म्हणून मला हातगाडीपासून सुरुवात करावी लागली. ते मी विसरलो नव्हतो. आजही विसरलेलो नाही. पण या गोष्टीत त्याचा दोष फार थोडा आहे.

मुलगी तेव्हा बारा वर्षांची. तिच्यासाठी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेमचा डबा घेतला, तेव्हा दुकानदाराशी तासभर घासाघीस करून एक कॅसेट फुकट पदरात पाडून घेतली. वरच्या खाचेत कॅसेट बसवायची की टीव्हीवर खेळ सुरू, असा तो प्रकार होता. मला स्वतःला गाड्यांच्या शर्यतीचा खेळ आवडायचा. कोण पुढे, कोण मागे, लगेच कळतं. पण फुकटात मिळाली ती भलतीच निघाली. तिच्यात एक वाटसरू गावोगाव हिंडायचा, भेटेल त्याच्याशी बोलायचा आणि बोललेलं सगळं खाली इंग्रजीत उमटायचं. मुलगी शब्दकोश मांडीवर घेऊन खेळायला बसायची.

"आज किती जणांना मारलंस?" मी कामावरून आल्यावर विचारायचो.

"कुणालाच नाही. विहिरीवरच्या बाईशी बोलले."

"मग त्याला डबा कशाला हवा? शेजारच्या अक्काशी बोल. फुकट आहे."

ती हसायची आणि पुन्हा पडद्याकडे वळायची. चार महिने ती तोच खेळ खेळत होती. एकच खेळ इतके दिवस कुणी कसं खेळतं, हे मला कळायचं नाही.

एके दिवशी भावाच्या घरी बारसं होतं. त्याचा मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, तुमच्याकडे एकच कॅसेट? माझ्याकडे अकरा आहेत." भाऊ पानाला चुना लावत म्हणाला, "अरे, काकाला एकसुद्धा फुकटच मिळालीय." सगळे हसले. मुलगीही थोडी हसली. मी हसलो नाही. पुढच्या महिन्यात गौरीचं जेवण त्याच्याकडेच होतं. तोपर्यंत आपल्याकडे कॅसेटी दिसल्या पाहिजेत, असं मी त्याच क्षणी ठरवलं.

राजाजीनगरातल्या त्या दुकानात कॅसेटी बदलून मिळत. खेळून झालेली द्यायची, वर थोडे पैसे ठेवायचे आणि दुसरी न्यायची. मुलगी शाळेत असताना मी तिची कॅसेट घेऊन गेलो. शर्यतीची, मारामारीची आणि विमानं पाडायची अशा तीन कॅसेटी समोर काढून ठेवल्या आणि म्हटलं, "एकाला तीन. वर एक पैसा नाही."

अक्कानं माझ्या हातातली कॅसेट उलटीपालटी करून पाहिली. "सरी अण्णा, घ्या," ती म्हणाली. ती मोडकंतोडकं का होईना, मराठी बोलायची.

समोरचा इतक्या पटकन कबूल झाला की माल घरी न्यायच्या आधी दहादा विचार करावा, हे मी माझ्या माणसांना रोज शिकवत होतो. त्या दिवशी मला वाटलं, मी जिंकलो.

संध्याकाळी मुलीनं तिन्ही कॅसेटी पाहिल्या. "आणि माझी?"

"ती खेळून झाली ना? ती देऊन या आणल्या. एकाला तीन!"

"झाली नव्हती, अप्पा."

"मग राहिलेलं डब्यात असेल. डबा कुठे दिलाय मी?"

तिनं समजावून सांगितलं. खेळ कुठवर आला ते डब्यात राहत नाही, कॅसेटमध्ये राहतं. आत लहानशी बॅटरी असते. चार महिन्यांतली सगळी गावं त्या कॅसेटमध्ये होती. कुठल्याही मोटारीत काय बिघडलंय ते मी आवाजावरून सांगायचो, पण माझ्या मुलीच्या हातातल्या वस्तूत काय आहे ते तिला एकदाही विचारलं नव्हतं.

तिला स्कूटरवर मागे बसवून मी लगेच दुकान गाठलं. कॅसेट अजून तिथेच होती. अक्कानं ती दुकानातल्या टीव्हीवर लावून दाखवली. मुलीचा जीव भांड्यात पडला. पडद्यावर दोन नावं होती. एक तिचं. दुसरं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, अप्पा.

"हा कोण?" मी विचारलं.

"वाटसरूच्या सोबतीला एक जण असतो. त्याला आपण नाव द्यायचं असतं," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "तो लवकर चिडतो. पण त्याच्याशिवाय डोंगर चढता येत नाही."

इथवर सगळं ठीक होतं. तिथेच तिन्ही कॅसेटी परत ठेवून मी आपली उचलायला हवी होती. पण अक्का म्हणाली, "तीन परत द्या, वर शंभर."

"कशाचे शंभर? दुपारी मीच दिली ना तुला?"

"दुपारचा व्यवहार दुपारी झाला, अण्णा. हा नवीन."

हे माझंच वाक्य होतं. माल परत आणणाऱ्यांना मी अगदी हेच ऐकवायचो. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. लुटारू म्हणालो, आणखीही बरंच म्हणालो, जे मुलीदेखत बोलायचं नव्हतं. शेवटी म्हटलं, "पन्नास."

"आगल्ला." जमणार नाही.

मुलीनं माझी बाही ओढली. "अप्पा, देऊन टाका ना."

"तू गप्प बस. मला धंदा शिकवू नकोस."

खिशात शंभराच्या नोटा होत्या. एक नाही, कितीतरी. मी तिचा हात धरला आणि दुकानाकडे पाठ फिरवली. पाठ फिरवली की दुकानदार हाक मारतोच, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. आम्ही पायऱ्या उतरलो. हाक आली नाही. स्कूटर सुरू करायला मी मुद्दाम वेळ लावला. तरी आली नाही. मुलगी मागे बसून दुकानाच्या दाराकडे पाहत होती, ते मला आरशात दिसत होतं.

"उद्या स्वतःहून पन्नासला देईल, बघ," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटा गेलो. कॅसेट सकाळीच गेली होती. गिऱ्हाइकानं तिथेच लावून पाहिली, जुनं पुसलं आणि नवा खेळ सुरू केला, असं अक्कानं सांगितलं.

मी काही बोलायच्या आत ती पुढे म्हणाली, "काल दुकान बंद करेपर्यंत बाजूला ठेवली होती, अण्णा. वाटलं, मुलीसाठी याल तुम्ही."

घरी येऊन सांगितलं, बाईनं दगा दिला. तेव्हापासून ती गोष्ट तशीच सांगत राहिलो.

गौरीच्या दिवशी तिन्ही कॅसेटी पिशवीत घालून मी भावाकडे गेलो. जेवणं झाल्यावर मीच त्या बाहेर काढल्या. पुतण्यानं एकेक हातात घेऊन पाहिली आणि मुलीला विचारलं, "आणि ती तुझी, गावांची? तू तर ती कुणाला हातसुद्धा लावू द्यायची नाहीस."

भावानं वर पाहिलं. त्याला काहीतरी वास आला असावा. तो मला लहानपणापासून ओळखतो.

मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला कंटाळा आला होता तिचा. मीच बदलून घेतली."

भाऊ माझ्याकडे बघत राहिला. खरं बोलायला तेवढा वेळ पुरला असता.

"हो," मी म्हणालो, "या तिन्ही तिनंच निवडल्या."

पुतण्यानं शर्यतीची कॅसेट लावली आणि खेळायचा रिमोट तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला. गाड्या सुटल्या. आवडीचा खेळ असल्यासारखी ती शेवटपर्यंत खेळली, भाऊ बघत होता तोवर.